फरशीवरचा तेलाचा डाग

गिरगावातल्या जुन्या इमारतीवर बांधलेलं आलिशान पेंटहाउस भाड्यानं घ्यायचं म्हणून बघायला गेलो होतो. काचेतून समुद्र दिसत होता, पण माझी नजर संगमरवरी फरशीवरच्या गोल, तेलकट डागावर अडकली.

"घासून देतो, साहेब," एजंट घाईनं म्हणाला.

केर काढणाऱ्या बाई थांबल्या. "आधीचे काका इथंच गेले. मुलं परदेशात. मागं दिवा ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून दहा दिवस मीच ठेवला."

पूर्वी या गल्लीत कुणी गेलं की जिन्यापर्यंत चपलांचा ढीग लागायचा. इथं लिफ्ट थेट दिवाणखान्यात उघडते.

माझाही मुलगा तिकडंच असतो.

करारावर सही करण्याआधी मी बाईंना विचारलं, "तुम्ही रोज येता ना?"