न उलटलेलं कातडं

"बाळ, तुला काय आवडेल?"

हे विचारणं माझ्यासाठी नव्हतं. मी पायऱ्यांच्या खाली, अंगणात, चपला काढून उभा होतो. फरशी तापली होती. विचारणारे रावसाहेब, सोलापुरातले मोठे वकील. ज्याला विचारत होते तो त्यांचा पुतण्या, बाळासाहेब. तो ओसरीत झोपाळ्यावर बसला होता. हातात वाळ्याच्या सरबताचा पेला, मांडीवर विलायतेच्या विद्यापीठातल्या विषयांचं पुस्तक.

रावसाहेबांच्या मंडळानं त्या साली दोन विद्यार्थी विलायतेला पाठवायचं ठरवलं होतं. एक त्यांच्यातला, एक आमच्यातला. वर्षभर तिथल्या विद्यापीठात पाहुणा म्हणून बसायचं. परीक्षा नाही, पदवी नाही. आपल्या पसंतीचे तीन विषय घ्यायचे. पसंतीचे, असं जाहिरातीत छापलं होतं. त्या एका शब्दावर मी अर्ज केला होता.

आम्ही ढोर. कातडं कमावणारे. बाप गेल्यावर मी टेंभुर्णी, करकंबच्या बाजारातून कच्ची कातडी घेऊन सोलापुरात विकू लागलो. त्यावरच इंटरपर्यंत शिकलो. माझी फी कुणी भरली नाही. त्याच सुमाराला आमच्या वस्तीला नोटीस आली होती. कातडी भिजवायची कुंडं हलवा, वास येतो. कुंडं गेली की वस्ती गेली. कोर्टात आमची माणसं मुक्यासारखी उभी राहिली. कायद्याच्या भाषेत आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते एकालाही कळलं नाही. मलाही नाही. म्हणून मला कायदा शिकायचा होता.

बाळासाहेब पानं उलटत मोठ्यानं वाचत होता. "रोमन इतिहास. चित्रकला. ग्रहतारे. जमीनजुमल्याचा कायदा." मी खालून ऐकत होतो. शेवटचं नाव मी घट्ट धरून ठेवलं.

"काका, रोमन इतिहास घेऊ? बरा वाटतोय."

"घे की."

मग रावसाहेबांची मान माझ्याकडं वळली. मी म्हणालो, "ते पुस्तक जरा बघायला मिळेल का?"

"तू कशाला तसदी घेतोस? तुझं आम्ही ठरवलंय. चामडं कमावणं, बूट शिवणं, आणि तिसरं आरोग्य व स्वच्छता."

'स्वच्छता' म्हटल्यावर ओसरीत बसलेले मंडळातले दोघं एकमेकांकडं बघून हसले.

कमावणं मला बापानं शिकवलं होतं. चुन्यानं त्याची बोटं सोलून निघाली होती. तेच शिकायला समुद्र ओलांडायचा? डोकं तापलं. पण बाजारात तापलेलं डोकं दाखवलं की भाव जातो. मी आवाज खाली ठेवला.

"दोन तुमचे, एक माझा. स्वच्छता राहू द्या. जमीनजुमल्याचा कायदा द्या."

"सौदा करतोस? हा काय कातडीबाजार आहे का रे?" रावसाहेब म्हणाले. "कायदा शिकून कुणाचे खटले चालवणार तू?"

"आमचेच."

"ते आम्ही चालवतोच की."

यावर सगळेच हसले. बाळासाहेबही हसला. त्याच्या हसण्यात वाईटपणा नव्हता. त्याला खरंच गंमत वाटली होती.

तेव्हा मी बाजारातला शेवटचा डाव टाकला. सौदा अडला की उठायचं आणि चालू लागायचं. समोरच्याला माल हवा असतो, तो हाक मारतो. माझ्या उभ्या धंद्यात हाक आली नाही असं कधी झालं नव्हतं. मी चपला उचलल्या. सावकाश निघालो. फाटकापाशी थांबून पटका सोडला, पुन्हा बांधला. कान मागं लावून.

मागं झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. तेवढंच.

हाक आली नाही.

त्यांना माल नको होता. माझ्यावाचून त्यांचं काहीच अडलं नव्हतं. मीच गरजू होतो आणि मलाच ते ठाऊक नव्हतं. मी वळलो. तापल्या फरशीवरून त्याच जागी येऊन उभा राहिलो.

"आला बघा परत," रावसाहेब म्हणाले. "भाव पडला वाटतं कातड्याचा."

"तुम्ही म्हणाल ते विषय," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"असं नाही. या मंडळींसमोर नीट सांग. परत येऊन जातीचाच धंदा करीन. कचेरीत नोकरी मागणार नाही. म्हण."

मी तोंड उघडलं. म्हणणारच होतो. खोटं कशाला सांगू, शब्द जिभेवर आले होते.

तेवढ्यात बाळासाहेब म्हणाला, "काका, तो रोमन इतिहास नको. कंटाळवाणा असेल. त्यापेक्षा तो जमीनजुमल्याचा कायदा घेऊ?"

"घे की."

रावसाहेबांनी त्याच्याकडं मानही वळवली नाही. माझ्याकडंच बघत होते, मी म्हणण्याची वाट बघत.

माझं तोंड मिटलं. "मी जात नाही," एवढंच बोललो आणि निघालो. या वेळी पटका सोडला नाही. कान मागं लावला नाही.

घरी आई दारात बसली होती. वस्तीतल्या बायांनी माझ्या प्रवासासाठी शिवलेली गोधडी तिच्या मांडीवर होती.

"ठरलं व्हय?"

"उठून आलो."

"मागनं कुणी हाक मारली?"

"न्हाय."

ती गोधडीची घडी घालू लागली. "जा माघारी. पाया पड. मोठ्या माणसांचा राग लई येळ राहत न्हाय," म्हणाली. मी गेलो नाही. बाळासाहेब बोटीनं गेला. मंडळानं आमच्यातला दुसरा कुणी पाठवला नाही. योग्य उमेदवार मिळाला नाही, असं सांगितलं. पुढं आमची कुंडंही हलली. निकालाच्या दिवशी मी कोर्टातच होतो. त्याही दिवशी मला काही कळलं नाही.

आमच्या धंद्यात पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. कातडं उलटून, आतली बाजू हातानं चाचपल्याशिवाय भाव बोलायचा नाही. मी त्या अंगणात बोललो. पुस्तक त्यांच्या मांडीवर आणि भाव माझ्या तोंडी. तिथंच मी हरलो होतो. उठून चालायचा डाव नंतरचा.

मंडळाची जाहिरात पुन्हा आली आहे. त्यात पसंतीचे हा शब्द तसाच आहे. मी जाणार आहे. या वेळी अंगणात उभा राहणार नाही, पायऱ्या चढून ओसरीत बसणार. उठवायचं तर हाताला धरून उठवावं लागेल. मला शिवावं लागेल. पुस्तक आधी माझ्या हातात येईल. मी पानं उलटीन. तोवर माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही.