पॅनमनची राहिलेली शर्यत

पॅनमनच्या हाती काहीही आलं, तरी आधी ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चोळून बघत. शेततळ्याच्या बांधावरची माती, सायकलच्या साखळीचं तेल, शर्यतीत खायला मिळणारं ते चिकट गोड जेल, अगदी माझ्या डब्यातला उपमासुद्धा. चोळायचं, बोटं उजेडाकडे धरायची, मान हलवायची आणि मगच तोंडात टाकायचं. तीस वर्षं त्यांनी साखर कारखान्यात पॅनवर काढली होती. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून पाक शिजवायचं अवाढव्य भांडं, आणि आत साखरेचा दाणा धरला की नाही ते बघणारा तो पॅनमन. कोपरगावात त्यांना नावानं हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांना ते सिनेमातल्या उडणाऱ्या माणसाचं नाव वाटायचं. प्रत्यक्षात छप्पन्न वर्षांचा, रुंद बांध्याचा, मिशा पिकलेला माणूस बघून मुलं हिरमुसायची.

ते आमच्यात आले ते अचानक. संदीप, त्याची बायको शुभांगी आणि मी, आम्ही तिघं गावाबाहेर संदीपच्या चुलत्यांच्या शेततळ्यात पोहायला जायचो. संदीप-शुभांगीचं मेन रोडला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. पोहणं, सायकल आणि पळणं, तिन्ही एका दमात करायची ट्रायथलॉन हे संदीपचं खूळ, आणि त्यानं ते आम्हाला लावलेलं. एका सकाळी तळ्याच्या बांधावर खांद्यावर टॉवेल टाकून हे उभे.

"मालक, मला हितं डुबता येईल का?"

संदीप हसला. "डुबायचंय की पोहायचंय, काका?"

"सुरवात तर डुबन्यानंच हुईल की."

लहानपणी विहिरीत उड्या मारलेल्या, त्यामुळे बुडायची भीती नव्हती. पण डोकं वर काढून, हात आपटत, बैलासारखे फुरफुरत पोहायचे. संदीप बांधावरून ओरडायचा, "काका, तोंड पाण्यात! मान सोडा!" तळ्याचा प्लास्टिकचा कागद शेवाळानं निसरडा झालेला, वर यायला दोर बांधलेला. तो दोर धरून धापा टाकत ते म्हणायचे, "भांडं तापू द्या, मालक. दाना लगेच धरत न्हाई." पावसाळा सुरू होईस्तोवर त्यांनी तोंड पाण्यात घातलं. मग मात्र ते थांबेनात. आम्ही कपडे बदलून चहाचा थर्मास उघडला, तरी पाण्यातून एक हात वर यायचा. अजून एक चक्कर.

ही 'अजून एक'ची त्यांना सवयच होती. रविवारी आम्ही सायकलनं कोल्हारपर्यंत जायचो. राहात्याला पेरू घ्यायचे, प्रवरेच्या पुलाजवळ चहा प्यायचा आणि परत फिरायचं. पॅनमन चहा संपवून पुलापलीकडे बघत राहायचे. "आजून थोडं फुडं जाऊन येऊ का?" शुभांगी वैतागायची. घरी पोरगी वाट बघते म्हणायची. "तुमी जावा की. मी येतो मागनं," असं म्हणून ते एकटेच राहुरीच्या दिशेनं निघून जायचे. एवढी जिद्द या वयात कुठून येते, असं आम्ही आपसात कौतुकानं बोलायचो.

त्यांच्या घरचं आम्हाला थोडंच माहीत होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बायको गेली. मुलगी जालन्याला दिलेली, ती रोज संध्याकाळी फोन करायची. हंगामात कारखान्याच्या पाळ्या असायच्या, हंगाम नसला की दिवस रिकामा. त्यांनी स्वतःहून कधी विषय काढला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. विचारलं नाही ते मोठेपणानं नव्हे. त्या वर्षानंतर ज्याच्या-त्याच्या घरात कुणीतरी गेलेलं होतं, आणि विचारायला लागलं तर कुठं थांबायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

ऑक्टोबरात, कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, भंडारदऱ्याला लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होती. हौशी मंडळींनीच भरवलेली. धरणाच्या पाण्यात दोनेक किलोमीटर पोहायचं, मग सायकलनं राजूर, अकोले करत कळसपर्यंत जाऊन माघारी, आणि शेवटी जलाशयाच्या कडेच्या रस्त्यानं एकवीस किलोमीटर पळायचं. दुपारी साडेतीनच्या आत आलं तर पदक. संदीपनं चौघांची नावं दिली. पॅनमनसाठी त्यानं एक जुनी सायकल शोधून, स्वतः खोलून, नवी करून दिली होती. त्यांना शर्यत पूर्ण करायला लावायचं हे त्यानं मनावरच घेतलं होतं.

शुक्रवारी माझी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. संगमनेर मागे पडलं आणि डोंगर सुरू झाले, तसे पॅनमन गप्प होत गेले. धरणाजवळच्या शेंडी गावात खोली घेतली होती. तिथं पोचल्यावर त्यांनी चारी सायकलींच्या चाकांत हवा बघितली, सगळ्यांच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आणि व्हरांड्यात पाण्याकडे तोंड करून बसून राहिले. मी विचारलं, "काका, धास्ती वाटतेय का?"

"पान्याची न्हाई," ते म्हणाले.

शनिवारी पहाटे पाणी असं गार होतं की पहिल्या पन्नास हातांत माझा श्वास अडकला. पॅनमन मात्र एका लयीत पोहले. सायकलवरही ठीक होते. परतीच्या चढाला मी त्यांना ओलांडलं तेव्हा ते पायडलवर उभे राहून चढत होते आणि रस्त्याकडेच्या भाताच्या खाचरांकडे बघत होते. पळताना ऊन कडक झालं. मी आणि शुभांगी पुढेमागे पोचलो. संदीप आमच्या बराच आधी आलेला. आम्ही शर्यत संपते त्या कमानीखाली पाणी पीत पॅनमनची वाट बघू लागलो. साडेतीनला वीस-पंचवीस मिनिटं होती तेव्हा ते वळणावर दिसले. चाल चांगली होती. संदीप टाळ्या वाजवत ओरडायला लागला. आणि पॅनमन रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर बसले.

आम्ही धावत गेलो. कमान तिथून दोनशे मीटरवर होती. मध्ये चढ नाही, उतार नाही.

"गोळा आला का पायात?" संदीपनं खाली बसून त्यांची पोटरी धरली.

"न्हाई."

"चक्कर येतेय?"

"न्हाई वो मालक. बरा हाय मी."

"मग उठा ना! समोर दिसतंय, काका!"

"मला बी दिसतंय."

संदीपनं काखेत हात घालून उठवायचा प्रयत्न केला. नियमानं तसं चालत नाही, पण त्याला भान नव्हतं. पॅनमननं त्याचा हात हळूच सोडवला. शुभांगी संदीपला जरा बाजूला घेऊन गेली. मी कठड्यावर त्यांच्या शेजारी बसले.  ते बुटांकडे बघत होते.

"ताई," ते म्हणाले, "घरात फुडच्या बाजूला तिची पिठाची गिरनी हाय. ती गेल्यापासनं शटर वर केलं न्हाई. मी मागच्या दारानं जातो-येतो. आत लोकांची दळनं हायेत, डबे. ती आजारी पडली तवाचे. कुनी मागायला बी आलं न्हाई."

मी पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

"उन्हाळ्यात ठरवलं, ही शर्यत झाली की उघडायचं. पळताना बरं वाटायचं, आजून लई दिस हायेत म्हनून. आता त्या कमानीतनं गेलं की झालीच की शर्यत."

स्पीकरवरून कुणीतरी सांगत होतं की शेवटची दहा मिनिटं राहिली आहेत. मी कमानीकडे बघितलं. त्यांना उठवावं असं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "एकट्यानंच उघडायला पाहिजे असं कुठं आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे?"

"आम्ही येतो."

"किडलं असंल सगळं. घान वास असंल."

"असू दे."

"तुमाला सुट्टीचा एक दिस मिळतो."

"काका, येतो म्हटलं ना."

 त्यांची हनुवटी हलत राहिली, आणि मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. घामाचं मीठ सुकून पाठ खरखरीत झाली होती. स्पीकर वाजला, टाळ्या झाल्या, वेळ संपली. त्यानंतर ते उठले आणि माझ्याबरोबर चालत कमानीपाशी आले. तिथल्या एका मुलीनं कौतुकानं पदक पुढं केलं. "घ्या ना काका, इतकं अंतर केलंत."

"न्हाई बाई. मी पोचलो न्हाई येळंत," असं म्हणून त्यांनी पायाला बांधलेली वेळेची चिप सोडून तिच्या हातात दिली.

संदीप त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलला नाही. जेवताना एकदाच म्हणाला, "सहा महिने, काका. मीही तुमच्याबरोबर त्या पाण्यात होतो." पॅनमन म्हणाले, "व्हय. तुमचं चुकत न्हाई." मी शटरची गोष्ट सांगितली तेव्हा तो ताट घेऊन उठून गेला.

रविवारी दुपारी आम्ही गाडी थेट त्यांच्या गल्लीत घातली, नदीकडे उतरणाऱ्या त्या अरुंद रस्त्यावर. शटर गंजून बसलं होतं. पॅनमननं किल्ली फिरवली, कुलूप निघालं, पण शटर हलेना. संदीप गाडी घेऊन गेला. दुकानातून तेलाची बाटली आणि हातोडी घेऊन आला. दोन्ही कडांना तेल सोडलं, ठोकलं, आणि मग दोघांनी मिळून खालून जोर लावला. शटर करकरत वर गेलं.

वास खरंच वाईट होता. कोळ्यांची जाळी, उंदरांनी कुरतडलेला पट्टा, आणि भिंतीशी ओळीनं मांडलेले दहा-बारा डबे, पत्र्याचे, स्टीलचे. प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं होतं. बारीक. मध्यम. जाड. ज्याला जसं दळून हवं तसं. पॅनमननं पहिलं झाकण उघडलं. आत गव्हाचं पीठच झालेलं होतं, किड्यांनी केलेलं.

"दळून झालं की वो," ते म्हणाले, आणि आम्ही कुणीच हसलो नाही.

आम्ही डबे मागच्या मोरीवर नेऊन रिकामे केले, घासले, उन्हात पालथे घातले. खडूची अक्षरं पुसू नका एवढंच ते सांगत होते, म्हणून शुभांगीनं डबे आतूनच घासले. डबा बघितला की तो कुणाचा ते त्यांना कळत होतं. ऊन उतरायला लागल्यावर आम्ही घरोघर निघालो. पहिल्या घरच्या बाईनं डबा बघितला आणि पदर तोंडाला लावला. "आवो भाऊ, मी नवा घेतला कवाच. ह्यो मागायला कोन येनार तुमच्या दारात?" एका घरी नवे भाडेकरू होते, त्यांना काही माहीत नव्हतं. एका म्हातारीनं डबा घेतला, झाकण उघडून आत वास घेतला आणि परत लावून टाकलं.

शेवटचा डबा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या टेलरमामांचा. मामा कपडे शिवतात. त्यांची बायकोही त्याच आठवड्यात गेली होती. पॅनमन तेव्हा स्वतः घरात कोंडलेले, त्यामुळे भेटायला गेले नाहीत, आणि पुढं जायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. हे त्यांनी आम्हाला चालता चालता सांगितलं.

मामांनी दार उघडलं. गळ्यात टेप तसाच. डबा हातात घेऊन त्यांनी खडूच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "जाड," ते म्हणाले. "लापशीचं असंल. नात आली हुती तवा आमच्याकडं."

दोघं उंबऱ्याच्या आतबाहेर उभे. आम्ही पायरीखाली. मग पॅनमन बोलायला लागले. कुणी विचारलं नव्हतं. "मामा, मी तिला रिक्षानं नेलं. आत घेताना मला थांबवलं त्यांनी दारातच. ती खाटंवर. मास्क काढून मला काय म्हनली, शटर नीट लावलंय ना? म्हनलं, व्हय, लावलंय. तेवढंच. मागनं प्लॅष्टिकात दिली." त्यांनी मामांच्या हातातल्या डब्यावर हात ठेवला. "मला वाटायचं, ते लावलेलंच ऱ्हावं."

टेलरमामांनी डबा खाली ठेवला आणि दार पूर्ण उघडलं. "आत या," ते म्हणाले. "चहा टाकतो. मलाच टाकावा लागतो आता, गोड जास्ती हुतो."

"टाका." पॅनमन चपला काढायला लागले. मग मागे वळून आमच्याकडे बघितलं. "तुमी जावा आता. पोरगी वाट बघत असंल."

गाडीत बसल्यावर संदीपनं चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो तसाच बसला. शुभांगीनं त्याच्या मानेवर हात ठेवला. गल्लीतली पोरं काचेतून आत डोकावून गेली.

त्यानंतर पॅनमन आमच्याबरोबर शेततळ्यावर आले नाहीत. आधी वाटलं, हंगाम सुरू झाला, पाळ्या असतील. हंगाम संपला तरी आले नाहीत. सायकल धुऊन, पुसून, दुकानात संदीपकडे आणून दिली. एखाद्या नव्या माणसाला द्या म्हणाले. गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, मोटार जळालेली निघाली. त्या जागेत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही पुढची शर्यत केली, त्याच्या पुढचीही. पाण्यातून बाहेर आल्यावर चौथा कप भरायला माझा हात थर्मासकडे जायचा. माणूस बरा झाला म्हणून आपल्यातून गेला, याचं दुःख करावं की नाही, मला ठरवता येत नाही. पण पहाटे त्या निसरड्या काठावर त्यांची उणीव भासते, ती भासतेच.

मागच्या सोमवारी आठवडी बाजारात भेटले. बरोबर टेलरमामा, दोघांच्या हातात पिशव्या. मला बघून थांबले. "ताई, काल कुठवर गेल्ता?"

"कोल्हारच्या पुढं. राहुरीपर्यंत."

"लई भारी." मग मान वर करून त्यांनी उन्हाचा अंदाज घेतला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "या रविवारी चला ना, काका," मी म्हटलं. "नुसते या."

ते हसले. "तुमी पळा, ताई. रविवारची दोघांची भाजी मला टाकायची असती."