मामाला दिलेली बाजू

माझ्या लग्नात भटजींनी माइकवरून तीनदा पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." इंदापूरच्या त्या कार्यालयात अख्खी भावकी होती, फक्त मामा नव्हता. आईचा हा एकुलता एक भाऊ लोणी भापकरला घरी बसून होता, कारण आईनं हक्कसोडीवर सही केली नव्हती. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला लिहून द्यायचा, म्हणजे माहेर शाबूत राहतं, अशी आमच्याकडची रीत. आई एवढंच म्हणाली होती, "पोरीचं लगीन होऊ दे, मग बघू." शेवटी वडिलांच्या एका मित्रानं मला मांडवात नेलं. आई दाराकडे बघत राहिली. त्या दिवसापासून मामा माझ्या डोक्यात गेला.

मी बारामतीत शिकवते आणि कथा लिहिते. हातात दुसरं हत्यार नव्हतं, म्हणून मामाला कथेत घेतला आणि चांगला सोलून काढला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. "तुमचा मामा माणूस वाटत नाही. एकदा त्याच्या डोळ्यांनी ते लग्न बघा." माझं पित्त खवळलं. कोणाच्या डोळ्यांनी बघायचं, हे मला कोण सांगणार?

तरी छापून यायची हाव होतीच. म्हणून त्याला एक बाजू रचून दिली. तो गाडी काढून कार्यालयाच्या फाटकापर्यंत येतो. बहीण हिरव्या पैठणीत हसत पाहुण्यांचं स्वागत करताना दिसते. हिला आपली गरजच नाही, असं वाटून माघारी वळतो. सगळं धादांत खोटं. पण लिहिताना मलाच त्याची कीव आली, आणि ती आली म्हणूनही मला राग आला. आईच्या बाजूनं मी एक ओळ लिहिली नाही. तिचं मन मला ठाऊकच आहे, असं धरून चालले होते.

कथा छापून आली. मामासाठी रडलो, असे वाचकांचे फोन आले.

मामानंही ती वाचली. पुढच्याच आठवड्यात तो कळसला, माझ्या माहेरी हजर झाला. मी तेव्हा आईकडेच होते. त्यानं साक्षीला भावकीतले एक तात्या आणले होते, आणि खिशात हक्कसोडीचा कागद.

"अक्का, मी आलो व्हतो गं लग्नाला," तो म्हणाला. "फाटकापातूर आलो. तू हिरव्या पैठणीत हसत व्हतीस. म्हनलं, हिला माझी काय गरज? तसाच माघारी फिरलो. झालं गेलं सोड आता. तेवढी सही कर."

आईचे डोळे भरून आले. "चा टाकते," म्हणून ती आत गेली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दिलेली बाजू हा माणूस माझ्याच आईला विकायला आला होता.

"मामा, कुठल्या रंगाची पैठणी म्हणालात?"

"हिरवी."

मी कपाटातून लग्नाचा अल्बम काढला आणि तात्यांच्या मांडीवर उघडून ठेवला. पानोपानी आई लिंबू रंगाच्या साध्या साडीत होती आणि एकाही फोटोत हसत नव्हती. तात्यांनी पानं उलटली, मामाकडे बघितलं, घसा खाकरला. मामाचं तोंड एवढंसं झालं. कागदाला हात न लावता, चहा न घेता तो उठून गेला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. जिरवली एकदाची, असं म्हणतच मी आत गेले.

आईनं गॅस बंद केला होता.

"मी वाचलीय तुजी गोष्ट," ती म्हणाली. "पैठणी तुजीच हाय, मला ठाव हाय."

"मग रडलीस कशाला?"

"सही मी करनारच न्हवते," ती चहाचं पातेलं मोरीत ओतत म्हणाली. "पन भाऊ फाटकापातूर आला व्हता, एवढं मला ऱ्हाऊ द्यायचं व्हतंस."