मागच्या खोलीच्या सभापती

रझिया आपांवर अन्याय झाला तो बऱ्याच वर्षांपूर्वी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी चार वाजता, पडेगावच्या आमच्या वाचनालयात. केला मी. आपा गेल्याचा निरोप आला त्याला आता पाच आठवडे होतील. शोकसभेत लोकांनी त्यांना शांत म्हटलं, मायाळू म्हटलं, आणि मी मागं बसून चिडत होतो. शांत कसल्या? त्या बाईनं मला भर अंगणात हरवलंय.

नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आपांनी वाचनालयाची घटना स्वतः लिहिली होती, थेट संसदेवरून. समोरच्या खोलीत लोकसभा: सगळ्या सभासदांनी निवडलेले पंधरा जण. मागच्या खोलीत राज्यसभा: गल्ल्यांनी पाठवलेले सहा, त्यातले दोघं दर दोन वर्षांनी निवृत्त, त्यामुळं ती खोली कधी बरखास्तच होत नाही. तिच्या सभापती आपा. ठराव दोन्ही खोल्यांत मंजूर झाला तरच खरा. मी हसायचो. "आपा, पुस्तकं दोनशे अन् सभागृहं दोन?" त्या म्हणायच्या, "बेटा, माझे अब्बा निजामाच्या कचेरीत कारकून होते. एका कागदावर हुकूम यायचा, संध्याकाळपर्यंत लागू. पोलीस ॲक्शननंतर शाळेत घटना शिकले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की कागद परतसुद्धा पाठवता येतो."

पाण्याच्या आंदोलनाची पत्रकं ठेवायला आम्हाला जागा हवी होती. मागच्या खोलीत दुपारी बाया आणि मुली वाचत बसत. ती खोली आंदोलनाच्या कार्यालयाला द्यावी, असा ठराव त्या सोमवारी मी समोरच्या खोलीत मांडला. तिथं एकही बाई नव्हती. पाच मिनिटांत एकमतानं मंजूर. मागची खोली अडवणार हे ठाऊक होतं, म्हणून शेवटी एक ओळ घुसडली: आंदोलन समिती खोलीचं भाडं देईल. झालं धन विधेयक! पैशाचा ठराव मागच्या खोलीला फेटाळता येत नाही. चौदा दिवस ठेवून सूचना करायच्या, बस्स. आपांनी शिकवलेलं आपांवरच उलटवलं, याचा मला लई अभिमान वाटला.

पण 'हे धन विधेयक आहे' अशी सही करायची ती समोरच्या खोलीच्या अध्यक्षानं. अध्यक्ष होता बबन, सायकल दुरुस्तीवाला, माझा लंगोटीयार. आपा त्याच्या दुकानात गेल्या. "बबन, तू सही केलीस तर चौदाव्या दिवशी कागद परत देईन. एक शब्द बोलणार नाही. नियम तसाच आहे." एवढं बोलून चालत्या झाल्या. बबन दोन दिवस कागद खिशात घेऊन फिरला. तिसऱ्या दिवशी सहीविना माझ्यापुढं टाकला. "दत्त्या, ह्यो ठराव पैशाचा नाय, खोलीचा हाय. तुला बी म्हाईत हाय."

मग कागद मागच्या खोलीत गेला आणि नामंजूर होऊन परत आला. उरली दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक. मी निवांत होतो. आम्ही पंधरा, ते सहा. आपांना म्हटलंसुद्धा, "मोजणी येते ना?" त्या म्हणाल्या, "येते की. म्हणून तर मधे तीन आठवडे ठेवलेत." त्या तीन आठवड्यांत बाया सभासदांच्या घरोघर गेल्या. माझ्या घरी यायची गरज पडली नाही. माझी बहीण सुमन त्याच खोलीत परीक्षेचा अभ्यास करायची. ताट वाढताना म्हणाली, "दादा, तुझी पत्रकं कुठंबी मावतील. मी कुठं बसू?" मी भाकरी मोडत राहिलो...

बैठक झाली अंगणात, लिंबाखाली. अध्यक्षस्थानी बबन, म्हणून त्याचं मत मोजणीत नाही. आमचे पाच जण तिकडं गेले आणि ठराव अकरा विरुद्ध नऊ मतांनी पडला. माझं मत ठरावाच्याच बाजूनं होतं, लपवत नाही. कडेला उभ्या बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या सरळ खोलीत जाऊन वाचायला बसल्या. असा विजय मी एकाही मोर्चात पाहिलेला नाही. पत्रकं बबनच्या माळ्यावर गेली, पुढं ती वाटायला त्याच बाया आल्या, आणि आमच्या गल्लीत नळ आला. सुमन आज सोयगाव तालुक्यात तलाठी आहे.

दोन खोल्यांमधलं दार कधी बंद नसायचं. तरी कागद परत आणताना आपा चष्म्याच्या घरानं चौकटीवर दोनदा टकटक करायच्या. तेवढ्याच जागी रंग उडालाय. परवा रंगाऱ्याला आम्ही तो कोपरा सोडायला लावला.

त्यांच्या खुर्चीवर मी बसावं म्हणून चौघं घरी येऊन गेले. मी नाही म्हणालो. तिथं बाईच बसेल. तुम्ही मात्र एक करा. तुमच्या गावात, सोसायटीत, संस्थेत एकाच खोलीत पाच मिनिटांत मंजूर झालेला एक ठराव शोधा. तो ज्यांच्यावर लागू होणार, ती माणसं त्या खोलीत होती का, विचारा. नसतील तर दार वाजवा. उघडं असलं तरी. दोनदा.