बडगीचा आवाज

आमच्या थोरल्या दिरांना, म्हणजे भाऊंना, लढाई फार आवडते. स्वतः बांधाच्या भांडणातही कधी पुढे झाले नाहीत. पण जगात कुठे पेटलं की हे सकाळपासून टीव्हीसमोर मांडी ठोकून बसतात. त्यांच्या खापरपणजोबांच्या काळात तिकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आमचं घर त्या पैशावर उभं राहिलं म्हणे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी एकच ऐकते आहे, "लढाई लागनी का कापूस चढस."

मी शाळेत इतिहास शिकवते. ती लढाई संपताच भाव कोसळला आणि माणसं देशोधडीला लागली, हे मी त्यांना कितीदा सांगितलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात इथे रॉकेल-कापडासाठी रांगा लागायच्या, तेही सांगितलं. "मास्तरीनबाई, ते पुस्तकमा," म्हणून ते उडवून लावायचे आणि घरातले सगळे हसायचे. त्या हसण्याची मला चीड होती.

या हिवाळ्यात आखातात युद्ध पेटलं. माझा मुलगा तिथल्या एका बंदरावर शीतगृहात कामाला आहे. आधी रोज बोलायचा, मग फोन लागेनासा झाला. मी दिवसभर त्याचा नंबर फिरवत होते, आणि भाऊंनी काय करावं? चाळीसगावजवळच्या आमच्या मळ्यात भरिताची पार्टी ठेवली! वर गावभर सांगत फिरले, "आपला पोऱ्या शे तठे, लढाईमा." जसा काही तो सेनापतीच.

मी जाणार नव्हते. पण मळ्यात रेंज चांगली येते, म्हणून गेले.

कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजून झाली होती. बायका कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या. माझा नवरा मान खाली घालून कांद्याची पात निवडत बसला होता. भावापुढे त्याची जीभ कधी उचललीच नाही. दोन मोठ्या बडग्यांभोवती, म्हणजे खोलगट लाकडी काठवटींभोवती, माणसं बसून दांड्यांनी वांगी ठेचत होती. धप, धप, धप. मधेच कुणीतरी मोबाइलवर कुठली तरी इमारत कोसळताना दाखवायचा आणि "हाण!" म्हणून आरोळी उठायची. त्या क्षणी मला त्या सगळ्यांची किळस आली. ज्यांच्यात आयुष्य काढलं, त्यांचीच.

तेवढ्यात फोन वाजला. मुलाचाच होता.

मी "हॅलो" म्हणते न म्हणते तोच भाऊंनी फोन माझ्या हातातून ओढला, स्पीकर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "बेटा, येखादा व्हिडिओ धाड ना! बठ्ठा जन देखतीन!"

पलीकडून मुलगा म्हणाला, "मोठे बाबा, तो आवाज कसला?"

"अरे, बडगी! भरीत शे. इसरना का?"

कसा विसरेल? लहानपणी दांडा हातातून सोडायचा नाही तो. पण आता म्हणाला, "ते थांबवा ना. इथे स्फोटांचा आवाज जवळ आला की आम्हाला तळघरात पळावं लागतं. तुमचा कुठला नि इकडचा कुठला, मला कळत नाहीये."

भाऊ हसले. खरंच हसले. "घाबरट!" म्हणाले.

मी उठले आणि जवळच्या माणसाच्या हातातला दांडा हिसकावून जाळात फेकला. "थांबवा म्हणतोय ना तो!" दिरांसमोर एवढ्या वर्षांत माझा आवाज चढला नव्हता. बाकीच्यांनी आणि दुसऱ्या बडगीवरच्यांनीही आपण होऊन दांडे खाली ठेवले. नवराही उभा राहिला.

तरी धप, धप चालूच होतं.

भाऊ चिडले. "कोन ठोकी राहिना रे आजून? बंद कर!" त्यांनी एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांचे हात रिकामे होते. मग त्यांनी स्वतःच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.