उलट्या निऱ्या

भूतबाधा, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. खालचा अनुभव आल्यावरही मानत नाही, हे आधीच लिहून ठेवते. सांगलीला आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त असत. बेचाळीसच्या चळवळीच्या दिवसांत भाऊ ती छापायचा आणि मी भाकरीच्या टोपलीतून पोचवायची. धर्माच्या नावाखाली बाईला कसं दावणीला बांधतात, हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. त्यामुळे ‘घाबरट बाई दिसते’ असं म्हणून कुणी हे पान उलटू नये.

युद्ध संपल्यावर मी यशवंतशी लग्न केलं. हुंडा नाही, वाजंत्री नाही — दोन हार आणि चहा. तो फौजेत मोटारींचा फिटर होता आणि बिजवर होता. पहिली बायको तारा तापाने गेली तेव्हा धाकटी मंदा रांगतही नव्हती. मोठा दिनू. मी वडूजला सासरी आले तेव्हा मंदा तीन वर्षांची झाली होती.

दिनू आठवडाभरात माझा झाला. मंदा मात्र नाही. मला ती कसलीच हाक मारायची नाही. पाणी हवं असलं तर रिकामा पेला माझ्यासमोर आपटायची.

आणि घरभर तारा! हे तारीचं जातं, हा तारीनं लावलेला शेवगा. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. मी भाकरी थापायला बसले की त्या चुलीकडे बघत म्हणत, “तारीची भाकरी कशी टम्म फुगायची.” यशवंत भाकरीचा पापुद्रा काढून बघायचा... मला ते जास्त लागायचं. त्या बाईचा घरात एकही फोटो नव्हता. असता तर निदान नाक नकटं, डोळे बारीक, अशी एखादी खोड काढता आली असती. जिला बघितलंच नाही तिचा हेवा करणं फार अवघड असतं. कुठे थांबावं तेच कळत नाही.

अशात यशवंतला आफ्रिकेतून, टांगानिकाहून बोलावणं आलं. युद्धात तो तिकडेच होता, त्याच्या जुन्या साहेबाने घायपाताच्या मळ्यावर वर्कशॉपात नोकरी ठेवली होती. आपल्याकडे बांधाला लावतात तोच घायपात, तिथे म्हणे नजर पोचेल तिथवर. राहायला घर, मुलांना शाळा. मी लगेच हो म्हटलं. वाचकांनो, खरं कारण सांगते — समुद्रापलीकडे तारीचं जातं नव्हतं, तारीचा शेवगा नव्हता.

आत्याबाईंनी मात्र अट घातली. आमच्या भागात दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक बांधतात. टाक म्हणजे तिच्या नावाने घडवलेला चांदीचा लहानसा पत्रा. नवं लुगडं आणलं की आधी त्याला दाखवायचं, मग आपण नेसायचं. लग्नात मी तो बांधून घेतला नव्हता. आता त्या तो घेऊन माझ्यापुढे बसल्या.

“ह्यो बांध, न्हाईतर पोरं हितंच ऱ्हातील. तुमी जावा दोघं.”

“आत्याबाई, मेल्यावरसुद्धा बाईला सवत म्हणूनच दुसरीच्या गळ्यात लटकवायचं? हा तिचाही अपमान आहे.”

“तिच्या अपमानाचं तू नगं बघू. पोरं तिची हायत. आईला मागं टाकून पोरं बोटीत बसत न्हाईत.”

“मग तिलाच सांगा ना, पोरांना घेऊन जा म्हणावं!”

असं बोलायला नको होतं, असं यशवंत म्हणाला. मी म्हटलं, बोलले ते बोलले. तो पासपोर्टच्या कामाला मुंबईला निघून गेला.

प्रवासासाठी भावाने सांगलीच्या पेठेतून हिरवं पाचवारी पातळ घेऊन दिलं होतं. आत्याबाई त्याला ‘अर्धं लुगडं’ म्हणायच्या. त्याची घडी मी मोडली नव्हती. माझ्या हाताने नव्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्या कमरेला. एका सकाळी मुलांचे कपडे ठेवायला ट्रंक उघडली, तर पातळाची घडी मोडलेली! कुणीतरी नेसून, वावरून, पुन्हा नीट घडी घालून ठेवलं होतं. कमरेशी खोचल्याच्या चुण्या, पदराला तेलकट वास. मी संतापाने ते तसंच अंगणात आणलं.

“कुणाला नेसायला दिलंत?”

“मला इचारतीस व्हय गं? मी रांडाव बाई, हिरवं लुगडं नेसून मिरवणार? आन् ते बी अर्धं?”

त्यांचं खरं होतं. घरात दुसरी बाई नव्हती. त्यांनी पातळ हातात घेतलं, निऱ्यांच्या मोडी बोटाने चाचपल्या, आणि त्यांचा आवाज एकदम उतरला.

“निऱ्या उलट्या हायत.”

आपण निऱ्या उजव्या हाताने घालतो, त्या डावीकडे वळतात. या उजवीकडे वळलेल्या होत्या.

“तारी डावरी हुती. अशाच घालायची. मी लय बोलायची तिला.”

मी हसले. खरंच हसले. पातळ धुतलं, वाळवलं, निखाऱ्यांच्या तांब्याने इस्त्री करून परत ठेवलं. भावाला लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं — दुकानात कुणी गिऱ्हाइकाने नेसून बघितलं असेल. पण भाऊ, खळ तर कोरी होती, तूच दाखवली होतीस!

मग मुलांना देवी टोचल्या. दिनू दुसऱ्या दिवशी खेळायला गेला, पण मंदाला ताप भरला आणि उतरेना. डॉक्टर म्हणाले, मिक्स्चर पोटात गेलंच पाहिजे. तापलेल्या मुलीला बोटीवर कुणी घेणार नव्हतं... आणि ती एकदा मागे राहिली की कायमची राहणार, हे मला कळत होतं. भर दुपारी मी तिला मांडीवर घेऊन चमचा पुढे केला. तिने दात आवळले, ओरडली, घोट तोंडात गेला तो माझ्या अंगावर फवारला. “आई पायजे! आई पायजे!” तीन वर्षांत तिने न पाहिलेली आई! मी होते ना समोर.

“बांध की गं एकदा,” आत्याबाई रडत म्हणाल्या. “तुझ्या पाया पडते.”

“नाही,” मी म्हटलं. तिला त्यांच्याकडे दिलं आणि आत गेले. अंगावरचं लुगडं चिकट झालं होतं, बाकीची ओली. ट्रंक उघडून हिरवं पातळ ओढलं, घाईघाईत गुंडाळलं आणि बाहेर आले.

मंदाने माझ्याकडे बघितलं. आत्याबाईंच्या मांडीवरून घसरून, लटपटत आली आणि निऱ्यांत तोंड खुपसलं.

“आई.”

मी खाली बसले, चमचा धरला. तिने निमूट औषध घेतलं. तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, “कडू हाय.” माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मला रडू फुटलं.

“सुशे,” आत्याबाई हळूच म्हणाल्या, “निऱ्या बघ तुझ्या.”

उजवीकडे वळलेल्या होत्या.

मी त्या कशा घातल्या, मला आठवत नाही. ताप उतरल्यावर मी मुद्दाम डाव्या हाताने घालून बघितल्या, पुन्हा पुन्हा बघितल्या. चिमटीत राहीनात, घसरून पायावर पडायच्या.

निघायच्या दिवशी आत्याबाईंनी टाक काढलाच नाही. मीच चिडून विचारलं, आता का नाही म्हणत बांध म्हणून?

“ऱ्हाऊ दे,” त्या मंदाचं टोपडं बांधत म्हणाल्या. “आता गरज न्हाई.”

आम्ही इथे येऊन वर्ष होत आलं. उकाडा, डास, आणि खरंच नजर पोचेल तिथवर घायपात. मंदा आता दिवसभर मला आई म्हणते, मी कोणतंही पातळ नेसले तरी. शेजारणी म्हणतात, सख्खी वाटते हो तुमची. त्या दुपारचा उलगडा मला अजून झालेला नाही, आणि कुणी देवदेवस्की सांगू लागलं तर मी ऐकून घेणार नाही.

फक्त एवढंच... ती अंगणातून “आई” म्हणून हाक मारते, तेव्हा मी लगेच ओ देत नाही. क्षणभर थांबते. माझ्याआधी कुणी ओ देतंय का, ते ऐकते.