भावजींचं दुपारचं फूल

आमच्या धाकट्या भावजींना सगळी गल्ली ‘बत्तीशी’ म्हणते. गल्ली पाठीमागे म्हणते, मी तोंडावर म्हणते. वहिनीला तेवढा हक्क असतो. भावजी दातांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. कितीतरी लोकांचं हसू त्यांच्या हातचं आहे, आणि स्वतः मात्र असे हसतात, जसं काही हसण्यावर कर बसवलाय.

खालच्या मजल्यावर ते आणि माझी जाऊ, वरती आम्ही. घरामागे एक भकास उतार होता. तिथे कधी काही उगवलंच नाही, म्हणून दोघा भावांत त्यावरून कधी भांडणही झालं नाही. पलीकडचा जुना पूल पाडला, तेव्हा भावजी हातगाडीवरून त्याचे दगड आणायला लागले.

“लोक घरात सोफा आणतात,” आमचे हे म्हणाले, “आणि हा दगड आणतोय.”

“दादा, सोफ्यात काही उगवत नाही,” भावजी म्हणाले. त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब भाषण तेच.

दगड त्यांनी नुसते टाकले नाहीत. एकेक अर्धा जमिनीत गाडला, थोडा मागे कललेला, हलवून बघितला, काढला, परत बसवला. फटींमध्ये खडी, वाळू आणि वर चिमूटभर माती. मी म्हटलं, “अहो भावजी, एवढ्याशा मातीत काय कपाळ उगवणार?”

“ह्यांना लाड चालत नाहीत, वहिनी. पाय ओले राहिले की कुजतात.”

आणि उगवलं की हो! आमचं गाव डोंगरातलं, थंडीत बर्फ पडणारं. थंडीच्या शेवटी, कोपऱ्याकोपऱ्यात मळकट बर्फ अजून पडलेला असायचा, आणि फटींतून पांढरी फुलं मान खाली घालून वर यायची, नव्या सुनेसारखी. मग बोटभर उंचीची पिवळी. मग एक उशीसारखं झुडूप, त्यावर निळ्या टिकल्या. बाकी साऱ्या बागा अजून चिखल पांघरून झोपलेल्या, आणि आमच्या दगडांना मात्र फुलं! रविवारी भावजी जुनं पोतं अंथरून त्यावर पालथे पडायचे. हातात दातवाल्यांचा तो छोटा आरसा आणि वाकडी सळई. फटीतलं तण कोरून काढायचे. शेजारीण एकदा धावत आली. “अहो, तुमचे दीर मागे पडलेत!”

“पडले नाहीत हो. दगडांची कीड काढतायत.”

पण त्यांचा खरा जीव एकाच रोपात. केशराची चुलत बहीण म्हणा, जात तीच, फक्त केशर देत नाही. ते त्यांनी बीपासून वाढवलं होतं. वर्षामागून वर्षं नुसती गवताची पाती यायची, मधोमध पांढरी रेघ असलेली, आणि उन्हाळ्यात तीही गायब. जाऊबाईंनी दोनदा गवत समजून हात घातला, आणि दोन्ही वेळा भावजींनी असा हंबरडा फोडला की मी वरून खाली आले. पाचव्या वर्षी, म्हणजे यंदा, त्यात कळी आली. जांभळी, मिटलेल्या छत्रीसारखी. भावजी एका पायात मोजा, एक पाय उघडा, अशा अवतारात जिना चढून आम्हाला सांगायला आले होते.

आता गंमत ऐका. हे फूल भारी मानी. ऊन अंगावर पडून ऊब लागली तरच उघडणार, सावली आली की तोंड मिटणार. आणि त्या उतारावर पुढच्या उंच इमारतीमुळे ऊन यायचं फक्त दुपारी, तासदोन तास. भावजी सकाळी अंधुक उजेडात जाणार आणि दिवे लागल्यावर येणार. म्हणजे शेजारणीने बघितलं, पोस्टमनने बघितलं, शेजारणीच्या माहेरच्यांनी बघितलं, आणि पाच वर्षं ज्याने पोसलं त्यानेच नाही!

रविवारी तरी दिसेल म्हणून बिचारे सकाळपासून स्टूल टाकून बसले. आभाळ असं भरलेलं, की दुपारीसुद्धा घरात दिवा लावावा लागला. फूल काही हललं नाही. मी दोनदा चहा नेऊन दिला. दुसऱ्यांदा म्हणाले, “वहिनी, ह्याच्या पाकळ्या चारपाच दिवसच टिकतात. आणि बुधवारपासून जोराचा पाऊस सांगितलाय. झोडपून काढेल.”

“मग उद्या रजा घ्या.”

“तिकडे माणसं बिनदातांची बसलेली असतात. काय सांगू त्यांना? फूल बघायला गेलो होतो?”

सोमवारी ते गेले, आणि ऊन पडलं. अगदी चिडवायला पडावं तसं. दुपारी फूल असं उघडलं की आत शेंदरी जीभ दिसायला लागली. आमच्या ह्यांनी मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळी भावजींसमोर धरला, तर त्यांनी मानच फिरवली.

“नको दादा. पाच वर्षं फोटोसाठी नाही थांबलो.”

रुसले नव्हते हो. पण जेवताना पोळीचे तुकडे करत राहिले, खाल्ली काही नाही. जाऊबाईंना ते बघवेना. त्या उठल्या, केस वाळवायचं मशीन घेतलं, खिडकीतून लांब वायर सोडली आणि बागेत जाऊन फुलाला गरम हवा द्यायला लागल्या! मी हातात विजेरी धरून उभी. नाटकात असतो तसा आमचा दोघी जावांचा प्रयोग. आणि खरंच, कळीचं टोक जरासं सैल झालं.

“अहो या लवकर! उघडतंय!” जाऊबाई ओरडल्या.

भावजी दारापर्यंत आले. बघितलं, आणि म्हणाले, “बंद कर.”

“अहो, पण...”

“इतकी वर्षं तोंडांचंच काम करतोय. जबरदस्तीने कुणाचं तोंड उघडवलं नाही. बंद कर बघू.”

जाऊबाईंनी बंद केलं. वायर गुंडाळताना त्या नाक पुसत होत्या आणि भावजी त्यांच्या हातातून वायर घेत होते. म्हणाले, “केस तेवढे छान वाळले असतील त्याचे.” मी सांगते, त्या माणसाने वर्षातून एक विनोद करावा आणि तो तेव्हा करावा!

मंगळवार उजाडला. पावसाआधीचा शेवटचा दिवस. फुलाच्या पाकळ्यांच्या कडा आधीच जरा मऊ पडल्या होत्या. आज नाही, तर मग पुढच्या वर्षी, ते जगलं वाचलं तर. भावजी जाताना बागेकडे वळले, उभे राहिले, आणि गेले.

आता दवाखान्यात काय झालं ते मला नंतर मोठ्या बाईंनी सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. आमच्या ह्यांनाही त्यांनीच शिकवलंय, भावजींनाही, आणि दोघं अजून त्यांना बघून शर्टाचं बटण चाचपतात. बाईंना त्या दिवशी चार वाजता वाचनालयात भाषण करायचं होतं, आणि नवी कवळी डाव्या बाजूला टोचत होती. त्या समोर बसलेल्या, कवळी भावजींच्या हातात, कानस चाललेली. आणि भावजींचं लक्ष सारखं खिडकीकडे.

“काय रे? बाहेर कोण उभंय?”

“कोणी नाही बाई. ऊन आलंय.”

“मग? ते काय पहिल्यांदा आलंय?”

तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून फुलाची हकीकत निघाली. बाई म्हणाल्या, “माझं हे काम करायला तुला काय लागतं?”

“कानस. आणि तुम्ही.”

“मग दोघांना उचल आणि चल. मूर्खा, विचारायला पाच वर्षं लागली तुला!”

इकडे आम्ही दोघी जावा स्वयंपाकघराच्या खिडकीत. फूल उघडायला लागलेलं, आणि आम्हाला ते बघवत नव्हतं. तेवढ्यात फाटक वाजलं. पुढे भावजी, हातात झाकणाची वाटी, तीत बाईंची कवळी. मागे काठी टेकत बाई, तोंडाला पदर लावून, पण चाल अगदी शाळेची तपासणी करायला आल्यासारखी.

भावजींनी स्टूल बाईंना दिलं, आणि स्वतः दगडांपाशी मांडी घालून बसले. ऊन त्या फटीत नुकतंच सरकलं होतं. पहिली पाकळी बाजूला झाली, मग समोरची, मग सगळ्या हळूहळू मागे कलल्या. इतकं सावकाश, की नजर लावून बघितलं तर काही होत नव्हतं, आणि डोळे मिचकावले की पुढे गेलेलं असायचं. भावजींच्या एका हातात कवळी, दुसऱ्यात कानस, आणि दोन्ही हात मांडीवर तसेच. आत जांभळ्या शिरा, आणि मधोमध शेंदरी रंग. कुठून तरी एक मधमाशी आली, त्या थंडीत, आणि सरळ आत शिरली.

बाईंच्या तोंडावरचा पदर कधी सुटला, त्यांना कळलंच नाही. बिनदातांचं तोंड पसरून हसत होत्या. आणि भावजी? भावजींनी हसू अडवलंच नाही हो! त्यांचे दात मी लग्नानंतर पहिल्यांदा सगळे बघितले. एक वाकडा आहे, वरचा.

मग त्यांनी उन्हात बसून कवळी घासली, तीनदा बाईंना तोंडात घालून बघायला दिली. टोचायची थांबली. आमच्या ह्यांनी गाडी काढली आणि बाईंना वाचनालयात सोडायला गेले. भावजी काही उठले नाहीत. सावली फुलावर येईपर्यंत बसणार म्हणाले.

तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा फोन. जाऊबाईंनी घेतला, बाहेर एकदा बघितलं, आणि म्हणाल्या, “ते ना? ते कामात आहेत.”